वासराचा वाटा

दिवाळीचा आरंभ आपण लक्ष्मीपासून करीत नाही, गाईपासून करतो. वसुबारसेच्या दिवशी सवत्स धेनूची पूजा होते. म्हणजे वासरू जिच्या अंगाशी आहे अशा गाईची. पुष्कळ घरांतून त्या दिवशी गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य असते. पैशाची पूजा मागाहून. पैसा जिच्यापासून येतो तिची पूजा आधी, आणि त्या दिवशी तिच्यापासून काही घ्यावयाचे नाही. हा क्रम ज्याने कोणी बसवला असेल त्याला अर्थशास्त्र चांगलेच कळत असले पाहिजे.

धार काढण्याची आपल्याकडची रीतही अशीच आहे. आधी वासरू सोडायचे, गाय पान्हावली की त्याला बाजूला बांधायचे, आणि एक सड त्याच्यासाठी राखून बाकीचे पिळायचे. गवळी दयाळू असतो म्हणून तो हे करतो, असे मला वाटत नाही. वासरू मेले तर गाय आटते, आणि आज चारी सड पिळणाऱ्याच्या गोठ्यात चार वर्षांनी गाय उरत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. व्यवहार आणि धर्म यांची इतकी सुरेख गाठ फार थोड्या ठिकाणी पडलेली दिसते. घेणे पाप नाही. सगळे घेणे पाप आहे, एवढाच त्या रीतीचा अर्थ.

हा विचार मनात येण्याचे कारण गाय नाही, नदी आहे. माझे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी. अंबड, घनसावंगी, परतूर या तीन तालुक्यांच्या दक्षिणेची शीव गोदावरी आखते. उत्तरेकडे भोकरदन, जाफराबाद, मंठा या भागांतून पूर्णा वाहते. मधून दुधना जाते. रामदासांचे जांब याच मुलखातले. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे जुनी माणसे अभिमानाने म्हणत. जिल्ह्यात सोन्याची खाण नाही, कोळशाची नाही, लोखंडाची नाही. म्हणून खाणींचा विषय निघाला की आमच्याकडची माणसे चांदा-नागपूरकडे किंवा गोव्याकडे बोट दाखवतात. पण खाण म्हणजे काही नेहमी जमिनीच्या पोटातले भुयार नव्हे. आमची खाण उघड्यावर, डोळ्यांसमोर, नदीच्या पात्रात आहे. ती वाळूची खाण आहे.

कायद्यात वाळूला 'गौण खनिज' म्हणतात. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाने सोन्या-लोखंडाचा कारभार मुख्यत्वे दिल्लीकडे ठेवला आणि इमारती दगड, रेव, साधी माती, साधी वाळू ही गौण ठरवून त्यांचे नियम करणे राज्यांवर सोपवले. शब्दांचे परिणाम दूरवर होतात. ज्याला गौण म्हटले त्याच्याकडे गौण दृष्टीनेच पाहिले गेले. वास्तविक पाण्याखालोखाल मनुष्यजात आज सर्वांत अधिक वापरते ती हीच वस्तू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२२ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे पाच हजार कोटी टन वाळू आणि खडी उपसली जाते. वाळवंटांतील वाळू वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेली असते, ती सिमेंटला धरत नाही. म्हणून सारा भार नद्यांवर पडतो.

वाळू नदीत काय काम करते ते काठच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले तरी हातभर वाळू उकरली की झिरा लागे आणि घागर भरून पाणी मिळे. त्याच वाळूत भोई मंडळी टरबुजा-खरबुजांच्या वाड्या लावीत. आमचा खडक काळा, कठीण, बसाल्टचा; त्याच्या पोटात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून नदीची वाळू हीच आमची पाण्याची पेटी. पुराचे पाणी ती अडवते, शोषून घेते आणि काठच्या विहिरींना हळूहळू सोडते.

थोडा हिशेब करू. वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० लिटर आकारमान. कणाकणांमधली पोकळी तीस टक्के धरली, तर एका ब्रासमध्ये साडेआठशे लिटर पाणी राहू शकते. त्यातले सगळेच विहिरीला मिळते असे नाही, पण पुष्कळसे मिळते. पाच ब्रासचा एक हायवा पात्रातून वर चढला म्हणजे सव्वाचार हजार लिटर पाण्याची जागा त्याच्याबरोबर गेली. आमच्या भागात उन्हाळ्यात एक चमत्कारिक दृश्य दिसते. ज्या रस्त्याने रात्री हायवे जातात त्याच रस्त्याने दिवसा पाण्याचा टँकर येतो. दोघांची चाके एकाच धुळीत उमटतात. पण दोन्ही ओळी एकत्र वाचणारा माणूस विरळा.

गेलेली वाळू पुराबरोबर पुन्हा येते, हे म्हणणे एके काळी पुष्कळ खरे होते. पण १९७६ साली पैठणला जायकवाडीचे धरण पुरे झाले. धरण पाणी अडवते तसा गाळ आणि वाळूही अडवते. पुढे जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी येथे बंधारे झाले. त्यांनी शेतीचे भले केले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु वरून येणारी वाळू त्यामुळे तुटली, हेही तितकेच खरे. आता धरणाखालच्या पात्राला वाळू मिळणार ती जवळच्या ओढ्या-नाल्यांतून येईल तेवढीच. म्हणजे गाय आधीच निम्मी आटलेली आहे, आणि आपण मात्र जुन्याच भांड्याने धार काढीत आहोत.

माझा एक भाचा वाळूची वाहतूक करतो. त्याच्यापाशी हा विषय मी गेल्या वर्षी काढला. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मामा, तुमचं सगळं खरं हाय. पण २०१२ च्या दुष्काळात आमची मोसंबी जळाली तवा कोन आलं होतं? दोनशे झाडं हातानं तोडली, सरपन केलं. मग कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरचा हप्ता नदीला थोडाच कळतो?"

मी म्हणालो, "बाबा, तुझी विहीर नदीपासून दोन शेतांवर आहे. तिचं पाणी कुठं गेलं?"

"खाली गेलं. पन पात्रात खड्डे पडले तर पानी जास्तच साठंल की!"

हा युक्तिवाद पुष्कळांच्या तोंडी असतो, म्हणून त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे. खड्ड्यात पाणी साठते हे खरे. पण ते उघडे असते, ऊन ते पिऊन टाकते, आणि दोन पावसाळ्यांत तळाशी चिकण गाळ बसला की मुरणेही थांबते. वाळूतले पाणी झाकलेले असते. शिवाय पात्राचा तळ खाली गेला की काठच्या जमिनीतले पाणीच त्या खोल तळाकडे उतरू लागते. आधी नदी विहिरीला पाणी देत होती, आता विहीर नदीला देते. भाच्याने हे ऐकले आणि म्हणाला, "मामा, मी नाही नेली तर दुसरा नेनारच हाय."

या वाक्यापाशी मी थांबलो, कारण खाणींचा सारा नीतिप्रश्न त्यात सामावलेला आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात युबुलिडीस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने घातलेले म्हणून एक कोडे प्रसिद्ध आहे. वाळूच्या ढिगातून एक कण काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग कोणता कण काढला म्हणजे ढीग संपला म्हणावयाचे? तर्कशास्त्राच्या वर्गात हे कोडे करमणुकीचे आहे. गोदाकाठी ते करमणुकीचे राहत नाही. एका ट्रॅक्टरने नदी मरत नाही. प्रत्येक ट्रॅक्टरवाला खरेच बोलत असतो, आणि तरी नदी मरते. अपराध हजार जणांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा इतका लहान होतो की तो सदसद्विवेकबुद्धीला बोचतच नाही. आपली पापपुण्याची सारी मोजमापे एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या केलेल्या अपराधासाठी घडवलेली आहेत; हजारांनी मिळून अजून न जन्मलेल्यांच्या केलेल्या अपराधाला मोजायला आपल्याकडे माप नाही.

आणि जेव्हा हा अपराध न जन्मलेल्यांची वाट न पाहता जिवंत माणसांवरच येऊन पडतो, तेव्हा तो कोणावर पडतो तेही पाहण्यासारखे आहे. २२ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. जाफराबाद तालुक्यात पासोडी-चांडोळच्या शिवारात पुलाचे काम चालले होते. पत्र्याच्या शेडमध्ये मजूर झोपलेले. एका टिप्परने अंधारात त्या शेडवरच वाळू रिती केली, आणि पाच माणसे तिच्याखाली गुदमरून मेली. नदीतून उचललेली वाळू, पुलासाठी आणलेली, पूल बांधणाऱ्यांवरच ओतली गेली. त्या रात्री कोणीही कोणाला मारावयास निघालेले नव्हते. परंतु जे काम दिवसाच्या उजेडात, सावकाश, मोजून-मापून करावयाचे ते अंधारात आणि घाईत होऊ लागले म्हणजे माणसाकडे पाहण्याइतकी फुरसत कोणाला राहत नाही.

मग नियम नाहीत का? नियम भरपूर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हरियाणाच्या एका खटल्यात गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरवली. २०१६ आणि २०२० मध्ये केंद्राने वाळूसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जिल्ह्याचा पाहणी अहवाल हवा. पावसाळ्यात पात्रात किती वाळू नव्याने आली ते मोजावे, आणि त्या बेताने उपसा ठरवावा. पावसाळ्यात आणि रात्री उपसा नको. म्हणजे वासराचा वाटा कागदावर उतरला आहे! महसूल कायद्याप्रमाणे चोरट्या वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्त करण्याची तरतूद आहे. राज्याने धोरणेही वारंवार बदलून पाहिली. पूर्वी लिलाव होते. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याची योजना आली. २०२५ मध्ये ती सोडून पुन्हा लिलावाकडे वळले, घरकुलांसाठी पाच ब्रासपर्यंत विनामूल्य वाळू ठेवली आणि दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन दिले.

इतके सारे असून रात्रीचे हायवे थांबत नाहीत, याचे कारण केवळ लबाडी आहे असे मला वाटत नाही. मांडणीतच एक दोष आहे. वाळूचा मालक सरकार, विकणारा सरकार, राखणदार सरकार, आणि मोजणी करवून घेणाराही सरकारच. ज्या महसूल खात्याने नदी राखावयाची, त्यालाच दर वर्षी गौण खनिजाच्या वसुलीचे उद्दिष्ट गाठावयाचे असते. राखणदाराचे कौतुक गोदामातला माल किती खपला यावर ठरू लागले तर त्याने कुलपाकडे पाहावे की गिऱ्हाइकाकडे? रात्री पात्रात उतरून वाहन अडवणाऱ्या तलाठ्यावर हल्ले होतात, अंगावर गाडी घातली जाते. त्या बिचाऱ्याला आपण एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक देऊन उभे केले आहे, आणि दोन्हींपैकी कोणते जास्त चालवायचे ते सांगितलेले नाही.

येथे मूळ प्रश्न विचारला पाहिजे. नदी सरकारची म्हणजे काय? शेत माझे आहे, तसे? कौटिल्याच्या काळापासून खाणींवर राजाचा अधिकारी आहे. त्याला तो आकराध्यक्ष म्हणतो. राजाच्या कोशाला खाणींचा आधार असतो हे तो जाणून होता. परंतु लोकशाहीत राजा उरला नाही, आणि त्याची मालकीही त्या अर्थाने उरली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीकाठच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की नद्या, वने, समुद्रकिनारे यांचे सरकार हे विश्वस्त आहे. विश्वस्त आणि मालक यांतला फरक प्रत्येक देवस्थानाच्या पंचाला कळतो. देवाच्या जमिनीचे उत्पन्न पंच खर्च करू शकतात, जमीन विकून खाऊ शकत नाहीत.

हा फरक न पाळल्याचे फळ दाखवणारे एक बेट प्रशांत महासागरात आहे. नाउरू हे त्याचे नाव. क्षेत्रफळ अवघे एकवीस चौरस किलोमीटर. तेथे उत्तम फॉस्फेट होते. आधी परक्यांनी नेले, १९६८ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर स्वतःच विकले, आणि काही काळ तेथील माणसे जगातील श्रीमंतांत मोजली गेली. फॉस्फेट सरले, साठवलेला पैसा उधळला गेला, आणि बेटाच्या मधोमध ओसाड सुळक्यांचे रान उरले. याउलट नॉर्वेने समुद्रातील तेलाच्या उत्पन्नासाठी १९९० साली निधी स्थापण्याचा कायदा केला. मुद्दल राखावयाचे, खर्च त्याच्या फळाचा. आपल्या शेजारी गोव्यात लोखंडाच्या खाणींचा गैरव्यवहार २०१२ साली उघडा पडून खाणी थांबल्या, तेव्हा २०१४ च्या निकालात न्यायालयाने विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवण्यास सांगितले. हा वासराचाच वाटा, रुपयांत काढलेला. मात्र खनिजाचा मोबदला पैशांत राखता येतो तसा वाळूचा येत नाही. लोखंड गेले तर डोंगराला तहान लागत नाही. वाळू गेली तर गावाला लागते. म्हणून गोव्याचा नियम गोदावरीला आणावयाचा तर वाळूचा काही भाग वाळूच्याच रूपात, पात्रातच, राहिला पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. घरे बांधावयाची आहेत. गरिबाच्या डोक्यावर छप्पर नको का? हवे. सरसकट बंदीचा मी पुरस्कर्ता नाही. बंदी आली की वाळू बंद होत नाही, फक्त महाग होते. श्रीमंताचा बंगला पुरा होतो आणि घरकुलाच्या भिंती जोत्यापाशी थांबतात. कृत्रिम वाळू हा उपाय खरा आहे, पण ती आकाशातून पडत नाही. ती डोंगर फोडून होते. नदीचे दुःख टेकडीच्या गळ्यात बांधून आपण सुटलो असे मानण्यात अर्थ नाही. टेकडी फोडावयाची तर कोठली, किती आणि नंतर त्या खाणीचे काय, हे आधी ठरले पाहिजे.

शहाणपणाच्या वाटा आपल्या आसपासच सापडतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाला लागणारी माती आणि मुरूम तलाव व नाले खोल करून घेतला. रस्ता झाला आणि पाणीही साठले. खोदणे तेच, पण मागे काय उरते याचा विचार आधी केलेला. खुद्द जालन्याकडे पाहा. जालन्याची सळई देशभर जाते आणि जिल्ह्यात लोखंडाची एकही खाण नाही! तेथल्या भट्ट्यांतून जुने मोडीचे लोखंड फार मोठ्या प्रमाणात वितळते. कोणाची मोडकी यंत्रे, कोणाचे गंजलेले पत्रे यांतून उद्याच्या घराचा सांगाडा निघतो. त्या भट्ट्यांचा धूर आणि वीज यांचे प्रश्न वेगळे आहेत. पण एकदा काढलेले खनिज पुन्हा वापरता येते हा धडा जालन्याला कोणी परदेशातून येऊन शिकवावयाची गरज नाही. पाडलेल्या जुन्या घरांचा राडारोडा आपण नदीकाठी फेकतो आणि नव्या घरासाठी नदीतूनच वाळू आणतो. तो राडारोडा दळून वापरता येतो. सळई जे करते ते भिंतीला का जमू नये?

माझ्या मते तीन गोष्टी झाल्या तर पुष्कळ होईल. मोजणारा आणि विकणारा वेगळा असावा. पावसाळ्यानंतर पात्रात किती वाळू आली ते सांगणाऱ्याचा वसुलीशी काडीचाही संबंध नसावा. स्वामित्वधनाचा ठरलेला हिस्सा त्याच काठच्या गावांत, पाणी मुरवण्याच्या कामाला परत यावा. आणि त्या कामावरची पहिली मजुरी आज रात्री वाळू भरणाऱ्या हातांना मिळावी, नाहीतर माझ्या भाच्याच्या हप्त्याचा प्रश्न सुटत नाही आणि त्याचा युक्तिवाद अजिंक्य राहतो. तिसरे म्हणजे, ज्यांच्या विहिरी आटणार त्यांना आधी विचारले जावे. ग्रामसभेचे ठराव वाळूच्या कामी मागवले जातातच. पण ठराव ही सही आहे की मत आहे, हे गावाने ठरवावयाचे असते.

आणि हे सारे सरकारने करावे असे म्हणून आपण फराळाला बसलो तर तेही पुरते प्रामाणिक होणार नाही. मागणी आपल्या घरातून निघते. घर बांधणारा माणूस सिमेंटचा छाप पाहतो, सळईची जाडी पाहतो, फरशी तर चार दुकाने हिंडून पाहतो. वाळू कोठून आली आणि तिच्याबरोबर वाहतुकीचा परवाना होता का, एवढे मात्र तो मुकादमाला विचारीत नाही. त्या एका प्रश्नाने नदी वाचणार नाही, हे खरे आहे. पण ढिगाच्या कोड्याला दुसरी बाजूही आहे. एकेक कण काढून ढीग संपतो, तसाच एकेक कण टाकून तो होतो. आणि कोणत्या कणाला ढीग झाला तेही कोणी सांगू शकत नाही.

आपल्या शास्त्रांनी माणसावर तीन ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे, पितरांचे. तिन्ही मागच्यांची आहेत. पितरांचे ऋण तेवढे मुलेबाळे होऊन फिटते असे मानले. पुढच्यांकडून उसने घेण्याइतकी शक्ती त्या काळच्या माणसाच्या हातात नव्हती, म्हणून चौथे ऋण सांगावयाचे कारण पडले नसावे. आज पोकलेनच्या एका फावड्यात ती शक्ती आहे. भाचा परवा मुलाला घेऊन आला होता. मुलगा पाच वर्षांचा. नदीवर जायचे म्हणून हट्ट धरून बसला. मी त्याला घेऊन गेलो. पात्रात एका बाजूला अजून थोडी वाळू शिल्लक आहे. तेथे त्याने दोन्ही हातांनी उकरावयास सुरुवात केली. बराच वेळ उकरले, कोपरापर्यंत हात आत गेला, तरी ओल लागली नाही. "आजोबा, अजून खाली हाय का पानी?" त्याने विचारले. मी त्याला म्हणालो, "आहे बाळ, थोडं खाली आहे." घरी परत येऊन ते भाच्याला सांगितले. तो काही बोलला नाही; पण पुढच्या ग्रामसभेला येतो म्हणाला.